घरी जोडलेला संगणक दहा वर्षे टिकावा म्हणून सुटे भाग निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून, सुटे भाग घेऊन स्वतः संगणक जोडू पाहणाऱ्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरी जोडलेला संगणक किती वर्षे टिकेल अशी अपेक्षा धरावी?

भाग विचारपूर्वक निवडले आणि वीज नीट मिळाली, तर आठ ते दहा वर्षांची अपेक्षा धरणे वाजवी आहे. मात्र सगळे भाग एकाच वयाचे नसतात. कॅबिनेट, चांगला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी), मॉनिटर आणि प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा एअर कूलर हे भाग दशकभर साथ देतात. पंखे, यूपीएसची बॅटरी आणि मदरबोर्डवरचा (सगळे भाग जिला जोडले जातात त्या मुख्य पाटीवरचा) सेल मधूनमधून बदलावेच लागतात. प्रोसेसर स्वतःहून जळाल्याची उदाहरणे फार थोडी असतात. संगणक निकामी होण्याची खरी कारणे दोनच असतात: एखादा भाग जातो आणि त्याला जुळणारा दुसरा बाजारात मिळत नाही, किंवा यंत्र चालू असूनही सॉफ्टवेअर त्याला सोडून पुढे जाते. पुढची बहुतेक उत्तरे या दोन कारणांना धरूनच दिली आहेत.

२. कंपनीचा तयार संगणक घेण्यापेक्षा जोडलेला संगणक खरोखर जास्त टिकतो का?

जोडला म्हणून टिकतो असे नाही. दुरुस्त करता येतो म्हणून टिकतो. अनेक तयार डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डचा आकार, एसएमपीएसचा आकार आणि त्याचे जोड हे त्या कंपनीचे खास असतात. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला तर बाजारातला सर्वसाधारण एसएमपीएस तेथे बसत नाही आणि मूळ भाग शोधत फिरावे लागते. याउलट एटीएक्स हे भागांच्या मापांचे प्रमाण १९९५ पासून चालत आले आहे आणि त्या मापाचे कॅबिनेट, बोर्ड व एसएमपीएस आजही एकमेकांना जुळतात. म्हणून भाग निवडताना पहिली अट हीच ठेवावी की प्रत्येक भाग प्रमाणित मापाचा असेल. एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, पूर्ण आकाराचा एटीएक्स एसएमपीएस आणि १२० किंवा १४० मिलिमीटरचे पंखे घेतले, तर पुढची अनेक वर्षे कोणत्याही दुकानात पर्यायी भाग मिळेल. छोटेखानी, दिसायला सुबक कॅबिनेटचा मोह या एका कारणासाठी टाळावा.

३. बजेट ठरलेले आहे. पैसे कशावर जास्त आणि कशावर कमी खर्च करावेत?

आमच्या मते बहुतेक लोक प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर एक पायरी जास्त चढतात आणि त्याची भरपाई एसएमपीएस व मदरबोर्डमध्ये करतात. दीर्घायुष्याच्या दृष्टीने ही उलटी वाटणी आहे. प्रोसेसर एक पायरी खाली घेतला तर रोजच्या कामात फरक जाणवत नाही. पण वाचलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस आणि बरा यूपीएस बसतो, आणि तेच उरलेल्या सगळ्या भागांचे रक्षण करतात. रंगीत दिवे, काचेचे दार आणि दिखाऊ रॅम यांवर खर्च शून्य ठेवला तरी चालेल.

४. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस चालेल का? चांगला कसा ओळखायचा?

फुकटचा एसएमपीएस वापरू नये. या एका बाबतीत आम्ही तडजोड सुचवत नाही, कारण निकृष्ट एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही. त्यावर ४५० वॅट छापलेले असते, पण आत पाहिले तर बारीक ट्रान्सफॉर्मर, पातळ हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आणि संरक्षक सर्किटच्या जागी मोकळी छिद्रे दिसतात. काही वर्षांनी असा एसएमपीएस उघडला तर कपॅसिटरच्या (वीज क्षणभर साठवणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या) सपाट टोपीवर कोरलेली फुली फुगून वर आलेली असते आणि कडेला तपकिरी, चिकट डाग पडलेला असतो. तेथून पुढे व्होल्टेज लहरत राहते, संगणक मधेच रीस्टार्ट होतो आणि दोष रॅमवर किंवा विंडोजवर ढकलला जातो.

पारखताना लेबलपासून सुरुवात करावी. इनपुट १००-२४० व्होल्ट असे लिहिलेले असावे. याचा अर्थ व्होल्टेज बरेच खाली आले तरी तो काम करत राहतो. त्यानंतर १२ व्होल्टच्या ओळीवर किती वॅट मिळतात ते पाहावे. एकूण ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टवर जवळजवळ तेवढेच वॅट मिळत असतील तर रचना आधुनिक आहे; फारच कमी मिळत असतील तर एकूण आकडा फुगवलेला आहे असे समजावे. तिसरी खूण वॉरंटीची. चांगल्या एसएमपीएसला पाच, सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी असते, आणि कंपनी स्वतःच्या मालावर किती भरवसा ठेवते हे त्यावरून कळते.

८० प्लसचा ब्राँझ किंवा गोल्ड शिक्का कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज उष्णतेत वाया जात नाही ते. तो टिकाऊपणाचा किंवा सुरक्षिततेचा दाखला नव्हे. तरीही गोल्ड शिक्क्याचा एसएमपीएस कमी तापतो आणि त्याचा फायदा कपॅसिटरला मिळतोच. तापमान १० अंशांनी कमी राहिले तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. १०५ अंशांसाठी बनवलेले कपॅसिटर ८५ अंशांच्या कपॅसिटरपेक्षा का पसंत करावेत, हेही यातूनच स्पष्ट होते.

५. किती वॅटचा एसएमपीएस घ्यावा?

वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर चांगल्या प्रतीचा ४५० वॅट पुरून उरतो. मध्यम ग्राफिक्स कार्डसाठी ५५० ते ६५० वॅट घ्यावा. कार्ड मोठे असेल तर कार्डाच्या कंपनीने सुचवलेला आकडा प्रमाण मानावा. भविष्यासाठी म्हणून १००० वॅट घेण्यात हशील नाही. ते पैसे कमी वॅटच्या पण वरच्या प्रतीच्या एसएमपीएसमध्ये घालावेत.

६. आमच्याकडे लाईट सारखी जाते-येते. यूपीएस, स्टॅबिलायझर की घरचा इन्व्हर्टर, नेमके काय लावावे?

प्रश्न ४ मध्ये सांगितलेला १००-२४० व्होल्टचा एसएमपीएस असेल तर वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज राहत नाही, कारण व्होल्टेज कमी-जास्त झाल्याची भरपाई तो स्वतःच करतो. गरज असते ती दोन गोष्टींची: वीज अचानक गेल्यावर काम जतन करून संगणक रीतसर बंद करायला काही मिनिटे मिळावीत आणि वीज परत येताना बसणारा झटका अडावा. त्यासाठी यूपीएस लागतो.

यूपीएसवरचा व्हीए आकडा म्हणजे वॅट नव्हेत. ६०० व्हीएचा नेहमीचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते. ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक आणि मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॅट घेत असतील तर ती नवी असताना दहा-पंधरा मिनिटे देते. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, म्हणून बाजारात सहज मिळणारी बॅटरी ज्यात बसते तोच यूपीएस निवडावा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला १००० व्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस घ्यावा आणि जमल्यास शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देणारा घ्यावा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज एकसारखी ओढणारे सर्किट) असलेले काही चांगले एसएमपीएस अशा लहरीवर, विशेषतः जास्त भार असताना, बंद पडतात. एसएमपीएस चांगला घेतल्यावर अचानक यूपीएस काम करेनासा झाला, अशी तक्रार आली की बहुधा कारण हेच असते.

घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल आणि त्यावर यूपीएस मोडचे बटण असेल, तर तेही चालते. त्या मोडमध्ये इन्व्हर्टर सुमारे १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो आणि चांगला एसएमपीएस सोळा-सतरा मिलिसेकंदांचा खंड सोसतो. साध्या मोडमध्ये हा खंड लांबतो आणि संगणक रीस्टार्ट होतो.

दोन धोके मात्र यूपीएसच्या भरवशावर सोडू नयेत. पहिला न्यूट्रल तुटण्याचा. इमारतीत थ्री फेज जोडणी असेल आणि मुख्य न्यूट्रल सैल झाला, तर एखाद्या घरात २३० ऐवजी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. दिवे अचानक प्रखर झाले किंवा एका खोलीत प्रखर व दुसरीत मंद दिसू लागले, तर आधी मेन स्विच बंद करावा आणि मगच महावितरणला कळवावे. दुसरा धोका विजांचा. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लगच काढावा, आणि इंटरनेट तांब्याच्या केबलने येत असेल तर लॅनची वायरही काढावी. बोर्डावरचे लॅन पोर्ट जळण्याची वाट बहुतेक वेळा तीच असते.

७. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. संगणकात दोष आहे का?

बहुतेक वेळा दोष संगणकात नसतो. भिंतीतल्या अर्थिंगमध्ये असतो. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या पेटीपर्यंत दोन छोटे कपॅसिटर लावलेले असतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पेटी मुख्य व्होल्टेजच्या सुमारे निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते आणि हाताला झिणझिण्या येतात. प्रवाह फार थोडा असल्याने सहसा इजा होत नाही, पण यूएसबी पोर्टमध्ये काही लावताना किंवा एचडीएमआय केबल जोडताना हेच व्होल्टेज पोर्ट जाळू शकते. सर्ज प्रोटेक्टरलाही झटका जमिनीत सोडायला अर्थिंग लागते.

तपासणी वायरमनकडून, मल्टिमीटर लावून करून घ्यावी. सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास असावेत, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. शेवटचा आकडा पाचाच्या वर गेला किंवा फेज ते अर्थ फारच कमी दिसले, तर दुरुस्ती हवी. जुन्या वाड्यांत आणि बैठ्या घरांत अर्थची वायर सॉकेटपर्यंत आलेलीच नसते, असेही आढळते. मुरूम-कातळाच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. तेथे अधूनमधून पाणी घालावे लागते.

एक जुगाड कोणी सुचवला तर ठाम नकार द्यावा: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका वायरने जोडणे. झिणझिण्या थांबतात हे खरे, परंतु मागे कोठे न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. हा जिवाशी खेळ आहे.

८. प्रोसेसर एएमडीचा घ्यावा की इंटेलचा?

वेगाच्या दृष्टीने दोन्ही पुरेसे आहेत, म्हणून निर्णय सॉकेटच्या, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसण्याच्या जागेच्या, आयुष्यावर करावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे पहिले रायझन प्रोसेसर मार्च २०१७ मध्ये आले आणि त्याच सॉकेटसाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर निघाले. २०१७-१८ मध्ये बोर्ड घेतलेल्या अनेकांना केवळ बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून कित्येक पट वेगवान प्रोसेसर बसवता आला. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला किमान २०२७ पर्यंत पाठिंबा देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलचा एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची जागा एलजीए १८५१ ने घेतली. पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर आज एएम५ आम्हाला सरस वाटतो.

इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर कोणी स्वस्तात देत असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. या पिढ्यांतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेऊन कालांतराने अस्थिर होतात, हे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. इंटेलने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, जी बायोससोबत येते) दिला आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यामुळे असा प्रोसेसर घेतलाच, तर इतर काही करण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावा. आधीच झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने सुधारत नाही, म्हणून वापरलेला नग टाळावा.

९. मदरबोर्ड स्वस्तातला घेतला तर काय बिघडते?

लगेच काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच फसगत होते. प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, तो अगदी स्वस्त बोर्डात हीटसिंकशिवाय उघडा असतो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात फार तापतो. व्हीआरएमवर धातूचा हीटसिंक, रॅमसाठी चार जागा, एसएसडीसाठी (फिरती चकती नसलेल्या साठवणीसाठी) दोन एम.२ जागा, आणि प्रोसेसर न बसवता बायोस अद्ययावत करण्याचे बटण, एवढे असलेला मधल्या चिपसेटचा (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) बोर्ड बहुतेकांना पुरतो. सर्वांत महाग चिपसेट प्रामुख्याने ओव्हरक्लॉकिंगच्या (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या) आणि जास्तीच्या जोडण्यांच्या कामाचा असतो. आयुष्याशी त्याचा संबंध नाही.

१०. रॅम किती घ्यावी, आणि एक स्टिक घ्यावी की दोन?

आज १६ जीबी ही किमान पातळी आहे. दहा वर्षांचा विचार असेल तर ३२ जीबी घ्यावी आणि ती १६-१६ च्या दोन स्टिकमध्ये, एकाच पाकिटातली घ्यावी. नंतर वाढवू म्हणून एकच स्टिक घेतली तर रॅममध्ये माहितीची ये-जा निम्म्याच वाटेने होते. चारही जागा भरल्या तर डीडीआर५ (सध्याच्या पिढीची) रॅम बहुधा कमी वेगाने चालवावी लागते, त्यामुळे सुरुवातीलाच दोन स्टिकमध्ये गरज भागवणे श्रेयस्कर. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एकीच्या बोर्डात दुसरी बसत नाही.

एएम५ बोर्डावर नवी रॅम बसवून पहिल्यांदा संगणक चालू केला की कित्येक मिनिटे पडदा काळा राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमची जुळणी तपासत असतो. घाबरून बटण दाबू नये.

११. एसएसडीचे आयुष्य ठरावीक असते म्हणतात. मग हार्ड डिस्क जास्त टिकाऊ नाही का?

एसएसडीवर किती लिहिता येईल याला मर्यादा असते, पण ती घरगुती वापराच्या फार पुढे आहे. टीएलसी प्रकारच्या (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) १ टीबी एसएसडीला साधारण ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी मिळते. रोज ४० जीबी लिहिले तरी ती हमी १५,००० दिवस, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक पुरते. एसएसडी जाते ती लिहून लिहून झिजल्याने क्वचितच. तिचा कंट्रोलर अचानक बंद पडतो आणि मग हार्ड डिस्कसारखी खडखड करून ती पूर्वसूचनाही देत नाही. म्हणून पाच वर्षे वॉरंटीची टीएलसी एसएसडी घ्यावी, तिच्यात पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी आणि बॅकअप वेगळा ठेवावा.

हार्ड डिस्कचे काम बॅकअपचे. संगणकाबाहेर एक प्रत आणि घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर, आणखी एक प्रत असावी. त्याच संगणकात बसवलेली दुसरी हार्ड डिस्क हा बॅकअप मानू नये, कारण प्रश्न ६ मधला चारशे व्होल्टचा अपघात दोघींनाही एकाच क्षणी नेतो.

१२. नाशिकच्या उन्हाळ्यात लिक्विड कूलर घ्यावा का? धुळीचे काय करावे?

टिकाऊपणासाठी एअर कूलर घ्यावा. त्यात बिघडण्यासारखा एकच भाग असतो, पंखा, आणि तो काही मिनिटांत बदलता येतो. तांब्या-अॅल्युमिनियमचा सांगाडा संगणकापेक्षा जास्त जगतो. बंदिस्त लिक्विड कूलरमधला पंप झिजतो आणि नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षे किंचित कमी होत जातो, तेव्हा अख्खा कूलरच फेकावा लागतो. शिवाय खोलीत ३८ अंश असतील तर कोणताही कूलर प्रोसेसरला त्याच्या खाली नेऊ शकत नाही. प्रोसेसर कमी विजेचा निवडणे हाच उकाड्यावरचा खरा उपाय आहे. ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा टॉवर कूलर सहज सांभाळतो.

धुळीचा प्रश्न येथे उष्णतेइतकाच मोठा आहे. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड अशा भागांत सतत बांधकामे चालू असतात, आणि सिमेंटची बारीक धूळ बंद खिडकीतूनही आत येते. दोन वर्षे न उघडलेल्या संगणकाच्या कूलरवरचा पंखा काढला की पंखा आणि धातूच्या पात्यांच्या मध्ये करड्या रंगाचा, जाड कापडासारखा थर दिसतो; तो नखाने एका कडेला उचलला तर अखंड सोलून निघतो. बाहेरून पाहताना पंखा फिरत असतो, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नाही.

कॅबिनेटला पुढून जाळी आणि काढून धुता येणारे फिल्टर असावेत. आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्या पंख्यांपेक्षा एकाने जास्त ठेवावेत, म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही. संगणक जमिनीवर न ठेवता वीतभर उंचीवर ठेवावा. फिल्टर दर महिन्याला धुवावेत. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत संगणक अंगणात किंवा बाल्कनीत नेऊन ब्लोअरने स्वच्छ करावा. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) तीन-चार वर्षांनी बदलावी. पंखे विकत घेताना साध्या स्लीव्ह बेअरिंगऐवजी फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बेअरिंगचे घ्यावेत.

मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या हरवल्या असतील तर बसवून घ्याव्यात. तेथून पाल किंवा झुरळ आत शिरून एसएमपीएसमध्ये शॉर्ट होणे ही कल्पित भीती नव्हे.

१३. गेम खेळत नाही. तरी वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

घेऊ नये. मात्र अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर जरूर घ्यावा. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरना अंगभूत ग्राफिक्स नसते. एएम४ वरच्या बहुतेक रायझनमध्ये ते फक्त जी असलेल्यांना असते. ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांनीही हे पाहावे. पुढे कार्ड दुरुस्तीला गेले तरी संगणक चालू राहतो, आणि बिघाड कार्डात आहे की इतरत्र हे लगेच कळते.

१४. भाग नाशिकमध्येच घ्यावेत, ऑनलाइन मागवावेत की मुंबईला लॅमिंग्टन रोडला जावे?

किमतीतला फरक पूर्वीइतका राहिलेला नाही, म्हणून वॉरंटी कोठे मिळते यावर ठरवावे. घेण्यापूर्वीच विचारावे की या कंपनीचा माल नाशिकमध्ये कोठे जमा होतो, की तो मुंबई-पुण्याला स्वतः पाठवावा लागतो. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड हे वॉरंटीत जाण्याची शक्यता जास्त असलेले भाग आहेत. ते जमा करून घेण्याची जबाबदारी घेणारा दुकानदार गावातच मिळाला, तर थोडे जास्त पैसे देणे योग्य ठरते. प्रोसेसर आणि रॅम ऑनलाइन मागवायला हरकत नाही, फक्त प्रोसेसर सीलबंद खोक्यातला असावा. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त दिसतो, पण त्याला कंपनीची खोक्याची वॉरंटी नसते.

बिल पक्के, १८ टक्के जीएसटीसह घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढावा, कारण थर्मल कागदावरचे अक्षर दोन वर्षांत उडते. एएम५ आणि इंटेल बोर्डांवर सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात आणि एक जरी वाकली तरी वॉरंटी नाकारली जाते. दुकानातच बोर्डाचे झाकण उघडून तिरप्या उजेडात सगळ्या पिना एका रांगेत चमकतात का ते पाहावे, फोटो काढावा, आणि सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे. बोर्ड परत करताना ते लागते.

१५. सेकंड हँड भागांपैकी कोणते निर्धास्त घेता येतात?

प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट आणि एअर कूलर तपासून घेण्यास हरकत नाही. अपवाद प्रश्न ८ मध्ये आला आहे. एसएमपीएस आणि एसएसडी जुने घेऊ नयेत. जुना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड समोर तासभर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

१६. २०१५ चा संगणक आहे. विंडोज १० बंद झाले म्हणून तो टाकावा का?

टाकण्याची घाई नको. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप) आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१५ चा बोर्ड त्यात बसत नाही. लिखाण, इंटरनेट आणि मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल, तर एसएसडी आणि ८ जीबी रॅम घालून लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर) तो अजून काही वर्षे उत्तम चालेल. मराठी टंकलेखन त्यात आहे.

विंडोजच हवे असेल तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तीन भाग एकत्र बदलावे लागतील. कॅबिनेट, मॉनिटर आणि साटा (केबलने जोडायची) एसएसडी पुढे वापरता येतात. एसएमपीएस त्या काळचा असेल तर चालू असला तरी बदलावा. काढलेले भाग कचऱ्याच्या घंटागाडीत न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत.

१७. अंबडला वर्कशॉप आहे. मशीनसाठी जुना सिरियल किंवा पॅरलल पोर्ट लागतो. नव्या संगणकात काय करावे?

येथे दोन वेगळ्या गरजा आहेत. सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्राला) आरएस-२३२ वरून, म्हणजे सिरियल पोर्टवरून, प्रोग्रॅम पाठवायचा असेल, तर बऱ्याच मधल्या बोर्डांवर सिरियल पोर्टची पिनांची जागा अजूनही असते. तिला जोडायची पट्टी वेगळी मिळते. ती नसेल तर पीसीआय एक्सप्रेस सिरियल कार्ड लावावे. यूएसबी कन्व्हर्टरही चालतो, पण मोटारींच्या गोंगाटात तो मधेच तुटतो अशा तक्रारी येतात.

पॅरलल पोर्टवरून थेट मोटारींना पल्स देणारी यंत्रणा असेल, तर यूएसबी कन्व्हर्टर अजिबात चालत नाही, कारण तो प्रिंटरपुरताच असतो आणि त्याच्या वेळेत अचूकता नसते. अशा यंत्रणेचे जुने सॉफ्टवेअर अनेकदा ३२-बिट विंडोजवरच चालते. तेव्हा जुना संगणकच इंटरनेटपासून तोडून, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून, तशाच एका जास्तीच्या बोर्डासह जपावा. ऑफिससाठी नवा संगणक वेगळा जोडावा.

१८. निफाडला मळ्यात घर आहे. तिथला संगणक महिनोन्महिने बंद असतो. त्याने तो जास्त टिकेल का?

नाही, दमट हवेत बंद पडून राहणे संगणकाला मानवत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावा, म्हणजे आतली ओल निघून जाते. यूपीएसची बॅटरी तशीच सोडली तर रिकामी होऊन कायमची बसते. दर दोन महिन्यांनी ती पूर्ण चार्ज करावी. वीज न मिळता वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेल्या एसएसडीतला मजकूर खराब होऊ शकतो, म्हणून महत्त्वाच्या फायलींची एकमेव प्रत तिच्यात नसावी. तारीख-वेळ मागे गेलेली दिसली तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलावा.

१९. सहा वर्षांनी फक्त मदरबोर्ड गेला, तर विंडोज आणि फायली तशाच राहतील का?

फायली एसएसडीवर असतात, त्यामुळे त्या जात नाहीत. पण त्या उघडता येतील की नाही हे आधी केलेल्या तयारीवर ठरते. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले तर अनेक संगणकांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि तिची किल्ली बोर्ड किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएममध्ये राहते. बोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर कोणताही दुरुस्तीवाला ती डिस्क उघडू शकत नाही. बायोस अद्ययावत केल्यावरही कधीकधी ती मागितली जाते. म्हणून संगणक जोडला त्याच दिवशी ही की कागदावर लिहून बिलांसोबत ठेवावी.

परवान्याचे गणित वेगळे आहे. ओईएम परवाना (नव्या संगणकासोबत मिळणारा) पहिल्या बोर्डाशी बांधलेला असतो आणि नव्या बोर्डावर सहसा चालत नाही. रिटेल परवाना (वेगळा विकत घेतलेला) दुसऱ्या बोर्डावर नेता येतो. रिटेल महाग असला तरी दहा वर्षांत एकदा बोर्ड बदलण्याची वेळ येण्याची शक्यता धरून तोच घ्यावा. मायक्रोसॉफ्ट खात्याशी तो जोडून ठेवला, तर नव्या बोर्डावर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमधून हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडून तो पुन्हा लागू करता येतो.